मला जळण म्हणाले तेव्हा

मी चन्नप्पा विणकराच्या मागाचं लाकूड बोलतोय. विणलेलं कापड ज्याच्याभोवती गुंडाळत जातात, ते विणकराच्या पोटाशी असलेलं जाड आडवं लाकूड म्हणजे मी. आत्ता माझं एक टोक चुलीत आहे. सांगायचं ते लवकर सांगितलं पाहिजे.

मी शिसवाचा. सोलापुरात कल्लप्पा सुतारानं मला तासलं, तेव्हा चन्नप्पाचं लग्नही झालं नव्हतं. त्यानंतर वीस-बावीस वर्षं आम्ही दोघं समोरासमोर बसलो. किती लुगडी माझ्यावर चढली नि उतरली! त्याची बायको निंगव्वा सणाला मला विभूतीची बोटं ओढायची. मुलगी रुद्राणी मला धरून उभं राहायला शिकली.

त्या घरात एक शब्द रोज कानावर यायचा. जळण. "जळण सरलं की ओ!" असं निंगव्वा ओरडायची, चिडली की कानडीत, "कट्टिगी इल्ला!" पऱ्हाट्या, गोवऱ्या, बाभळीच्या फांद्या, मोडकी टोपली, चुलीत जाईल ते सगळं जळण. एकदा हा शब्द चिकटला की त्या वस्तूला दुसरं नाव उरत नसे. मला नि माझ्या सोबतच्या लाकडांना मात्र माग म्हणत.

यंदा पेठेत उंदीर पडू लागले. प्लेगच्या भीतीनं सगळी पेठ गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहिली. चन्नप्पानं मागाचे भाग सुटे केले, आम्हाला गाडीवर बांधलं. "तितं बी विणीन की," तो म्हणाला. पहिल्या बाळंतपणासाठी आलेली रुद्राणी त्याच गाडीत बसली होती.

माळावर शेकडो चुली पेटल्या. आठ दिवसांत आसपास काडी उरली नाही. हात पोचेल तिथवर बाभळी ओरबाडून झाल्या. माणसं भेटली की तब्येतीच्या आधी विचारत, "जळण हाय का?"

मग पौषात अवकाळी पाऊस लागला. गोवऱ्यांचा चिखल झाला. पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रुद्राणीला दिवस भरायच्या आतच मुलगी झाली. एवढीशी, नखं निळी पडलेली. रुद्राणीला हुडहुडी भरली होती.

शेजारच्या झोपडीतली बसम्मा सुईणपण करायची. ती म्हणाली, "पोरगी गार पडायलीय. दोगींला शेक पायजे. जळण आणा!"

चन्नप्पा झोपडी-झोपडी फिरला नि रिकाम्या हातानं, निथळत परत आला. तेवढ्यात बसम्माची नजर कोपऱ्यात गेली.

"हे काय? कोरडं जळण हाय की हितं!"

"जळण न्हाय ते," चन्नप्पा म्हणाला. "माग हाय माजा."

निंगव्वा उठली आणि कुऱ्हाड आणून त्याच्यासमोर ठेवली.

"तुमी फोडताय का मी फोडू?"

त्यानं आधी पायाखालच्या पावड्या फोडल्या. मग खांब. माझे सोबती एकेक करून गेले. दुपारपर्यंत रुद्राणीचं कापणं थांबलं. बाळ मात्र रडेना.

राहिलो मी. माझ्यावर कुऱ्हाड चालेना, म्हणून चन्नप्पानं मला तसंच अख्खं चुलीत घातलं. दोनदा घातलं नि दोनदा ओढून राखेत विझवलं.

"एवढं राहू दे गं," तो निंगव्वाला म्हणाला. "हे असलं तर माग पुन्हा उभा करता येईल. न्हायतर मी करू काय? कुणाच्या दारात जाऊ?"

निंगव्वानं पदरात गुंडाळलेली नात त्याच्या मांडीवर ठेवली. "हात लावून बगा," एवढंच म्हणाली.

त्यानं हात लावला. मग एका हातानं पोर उराशी धरून दुसऱ्या हातानं मला आत सरकवलं. यावेळी ओढलं नाही. त्याचे डोळे धुरानं की कशानं वाहत होते.

बसम्मानं बाळाचे तळपाय स्वतःच्या गालाला लावले.

"जरा ऊब आलीय. पर आनि लागंल."

बाहेर पाऊस थांबलेला नाही. मी हातभर उरलोय. चन्नप्पा, माझ्याकडं बघू नकोस, तिच्याकडं बघ. सरकव मला. अजून आत.