केस न भिजवता

हनादी आमच्याकडे राहायला आली त्या दिवशी बोरा सुटला होता. बोरा म्हणजे आमच्या त्रिएस्तेचा वारा. डोंगरावरून निघतो तो थेट समुद्रात उडी घेतो, आणि वाटेत कचऱ्याचे डबे, छत्र्या, स्कूटरी, एखादी हलकी म्हातारी, जे सापडेल ते लोळवतो. मी खिडकीतून बघत होते. खाली कोपऱ्यावर एक उंच, सावळी मुलगी दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी होती. एका हातात बॅग, डोक्यावरचा रुमाल गळ्याशी घट्ट बांधलेला, आणि तोंड हे एवढं उघडं. रडतेय की काय म्हणून मी धावत खाली गेले. जवळ जाऊन बघते तर बया हसत होती!

"हाच का तो?" ती ओरडली.

"कोण तो?"

"बोरा!"

"मग काय माझा दीर आलाय? चल आत, उडून जाशील मेली!"

खार्तुमहून आली होती. आमच्याकडच्या समुद्राच्या संस्थेत संशोधक म्हणून. आमचा मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती, ती आम्ही संस्थेत येणाऱ्या लोकांना देतो. आजवर खूप आले. कोणी खोलीत मासे तळले, कोणी सहा महिने राहून माझं नाव शिकला नाही. ही पहिल्याच दिवशी मला मावशी म्हणायला लागली. तिच्या देशात आईच्या वयाच्या बाईला मावशीच म्हणतात म्हणे. मला मेलीला आवडलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. भाडेकरूला पहिल्या दिवशी डोक्यावर बसवलं की संपलं.

संध्याकाळी योता केला. घेवड्याचं आणि आंबवलेल्या कोबीचं आमचं सार. डुकराचं मांस घातलं नाही म्हणून माझ्या नवऱ्याने, लिव्हिओने, तोंड वाकडं केलं आणि दोन वाडगे हाणले. बाहेर वारा खिडक्यांना धडका देत होता आणि मी सवयीने त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

"मावशी, त्याला शिव्या देऊ नका," हनादी म्हणाली. "मी त्याच्यासाठीच आलेय."

"वाऱ्यासाठी? तुमच्याकडे नाही का वारा?"

"आहे की. वाळूचा. पण हा इथलं पाणी गार करतो. इतकं गार की ते जड होऊन खाली बसतं. मग समुद्राच्या तळावरून सरपटत निघतं, दक्षिणेला, महिनोन्‌महिने. तिकडे एक खोल खड्डा आहे, त्यात जाऊन उतरतं. आणि त्या अंधारात जे जीव राहतात ना, त्यांना श्वास घ्यायला हवा कोण नेऊन देतं? तुमचा हा बोरा!"

माझा चमचा हवेतच राहिला. माझा जन्म या गावातला. माझी आई, तिची आई, सगळ्या या वाऱ्याला शिव्या देत जगल्या. आणि तो बिचारा आमच्या खिडक्या फोडून झाल्यावर इतक्या लांब, काळोखात, कोणाकोणाला जगवत होता.

त्या खड्ड्याच्या तळाशी संस्थेने पाण्याची मोजमापं घेणारं एक यंत्र सोडून ठेवलं होतं. जूनमध्ये बोट जाऊन ते वर काढणार होती. हनादी कितीतरी वर्षं खार्तुममध्ये बसून याच समुद्राचे आकडे सोडवत होती. दुसऱ्यांनी आणलेले, दुसऱ्यांनी मोजलेले. या वेळी यंत्र पाण्याबाहेर येईल तेव्हा आपण डेकवर असणार, आपण स्वतः त्याला हात लावणार, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मार्च गेला, एप्रिल गेला. पोरगी गावात रुळली. कॉफी कुठल्या दुकानात कशी मागायची ते शिकली, शेजारच्या कुत्र्याशी बोलायला लागली. आणि मे लागला तशी एकदम मिटली. धड जेवेना, विचारलं तर "काही नाही मावशी". माझ्यापुढे "काही नाही" चालत नाही. एक दिवस मी स्वयंपाकघराचं दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिले.

"सांगितल्याशिवाय जायचं नाही. कोणी काही बोललं का? मुलगा आहे का कोणी?"

"मावशी," ती म्हणाली, "मला पोहता येत नाही."

आमच्या गावात हे म्हणजे मला चालता येत नाही म्हणण्यासारखं झालं. समुद्राची डॉक्टर, आणि पोहता येत नाही! पण खरं सांगायचं तर तिला ते कोणी विचारलंच नव्हतं. इथे कोणी कोणाला विचारत नाही. तिच्या गावात नदी होती, मोठी, पण घरच्या मुलींनी नदीत उतरायची पद्धत नव्हती. आणि आता बोटीचा नियम समोर आला होता. पाण्यात परीक्षा दिल्याशिवाय कोणाला बोटीवर घेत नाहीत. परीक्षा घेणार बोटीचा अधिकारी फुरिओ, तरणतलावात, सगळ्या पुरुषांसमोर. तिच्याकडे पोहण्याचा अंगभर पोशाख होता, डोक्याच्या टोपीसकट, पण त्या सगळ्यांसमोर गटांगळ्या खायच्या या विचारानेच तिला घाम फुटत होता. नापास झाली तर जागा दुसऱ्याला. पुढचं यंत्र वर निघेपर्यंत तिची इथली नेमणूकच संपणार.

"कपाळ माझं!" मी म्हटलं. "हे फेब्रुवारीत नाही का सांगायचं? उद्या सकाळी तयार राहा. भिंतीवर जायचंय."

आमच्या किनाऱ्याच्या मधोमध एक पांढरी भिंत आहे. या बाजूला बायका, त्या बाजूला पुरुष. बाहेरगावचे लोक हसतात. हसू देत. या बाजूला पोट सोडून उन्हात पडावं, कोणाच्या बापाची भीती नाही. माझं नि लिव्हिओचं लग्न टिकलं ते त्या भिंतीमुळे, हे मी त्याच्या तोंडावर सांगते आणि तोही मान डोलावतो.

हनादीने भिंत पाहिली, या बाजूच्या बायका पाहिल्या आणि तिचे डोळे भरून आले. "हे तुम्ही कोणासाठी बांधलंत?"

"तुझ्यासाठीच. चल, नाटकं पुरे."

ती पाण्यात घोट्यापर्यंत गेली नि थांबली. वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि चाटलं. मग पुन्हा चाटलं. "याचा खारटपणा मला शेवटच्या आकड्यापर्यंत पाठ आहे," ती पुटपुटली. "चव माहीत नव्हती." तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसत होता. पाणी काही एवढं गार नव्हतं.

शिकवायला आम्ही दोघी, मी आणि ओंदिना. ओंदिना माझी मैत्रीण, जन्मभर केशकर्तनालय चालवलं, अजूनही दर शनिवारी माझे केस तीच बसवून देते. आम्हाला आमच्या आयांनी शिकवलं तसंच आम्ही शिकवत होतो.

"मान वर! हनुवटी वर! पाणी कानाला लागता कामा नये!"

हनादी मान वर करी आणि धोंड्यासारखी खाली जाई. आम्ही तिला पोटाखालून धरलं, कमरेला धरलं, ओंदिनाने शिव्या दिल्या. पाय काही वर येईनात. रोज सकाळी तेच. ती खोकत बाहेर येई, किनाऱ्यावरच्या गोट्यांवर बसे, आणि पुन्हा उठे. एकदाही नको म्हणाली नाही.

एका सकाळी मी म्हटलं, उथळ पाण्यात भीती जात नाही, खोलात नेऊ. दोघींनी तिला दोन बाजूंनी धरून भिंतीच्या टोकापलीकडे नेलं. आता भिंत पाण्यात जराशी जाऊन संपते, पुढे सगळा समुद्र एकच, हे मला माहीत नव्हतं का? पण ती जागा म्हणजे आम्हा नवरा-बायकोंचा चौक. "गॅस बंद केलास का" विचारायला मी रोज तिथवर पोहत जाते. तिथे पुरुष असतात हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

टोक ओलांडलं तर समोर लिव्हिओ नि त्याचा पत्त्यांतला दोस्त, तोच तो बोटीचा फुरिओ, पाण्यात उभ्याने तरंगत, कालच्या पत्त्यांवरून भांडत. हनादीने पुरुष पाहिले, आमचे हात सोडले आणि गेली खाली.

फुरिओने एका हाताने तिला वर ओढलं, भिंतीला धरवलं, आणि मग चेहरा पाहिला.

"डॉक्टर हनादी? जूनमध्ये माझ्या बोटीवर येणाऱ्या?"

ती खोकत होती. लिव्हिओ मध्ये पडला. "अरे, ती डुबकी मारत होती."

"डुबकी मारणारी माणसं आपली आपण वर येतात, लिव्हिओ."

"परीक्षा झालीय का तिची?" मी कडाडले. "नाही ना? मग नापास कशी करतोस? घे परीक्षा! पण इथे घे, तुझ्या त्या तलावात नको."

फुरिओ वाईट माणूस नाही, पण समुद्राच्या बाबतीत तो बायकोचंही ऐकत नाही. तो हनादीला म्हणाला, "शुक्रवारी सकाळी. लांब तरंगणाऱ्या त्या पिवळ्या बोयेला हात लावून यायचं. मग मी शिट्टी वाजवेपर्यंत पाण्यावर पडून राहायचं. शिट्टी वाजली की पास. त्याआधी कोणाला धरलंत तर मी तुम्हाला बोटीवर घेणार नाही. मला माणसं परत आणायची असतात."

"बरोबर आहे तुमचं," हनादी म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती पाण्यात गेलीच नाही. गोट्यांवर बसून आम्हा बायकांना पोहताना बघत राहिली. मला वाटलं, हात टेकले पोरीने. मग ती उठून माझ्याकडे आली.

"मावशी, माणूस म्हणजे तराजूची दांडी. एक टोक वर काढलं की दुसरं खाली जाणारच. मी डोकं वर धरते म्हणून पाय बुडतात."

"मग आमचे का नाही बुडत?"

ती जरा घुटमळली. "रागावू नका हं. चरबी तरंगते. माझ्या अंगावर नाहीये."

ओंदिनाने आधी डोळे वटारले आणि मग सगळा किनारा ऐकेल अशी हसली. "नीवेस, ही तुला जाडी म्हणाली!"

"तुला पण म्हणाली, गाढवे!"

"आणि तुम्ही डोकं वर का धरता?" हनादीने विचारलं. "पोहण्यासाठी?"

पोहण्यासाठी कुठलं डोंबल! शनिवारचे बसवलेले केस बिघडू नयेत म्हणून. आमच्या आयांनी त्यासाठी मान वर धरली, आम्ही त्यांचं पाहून धरली, आणि या टोपी घातलेल्या पोरीलाही तेच शिकवत बसलो. मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच खेकसले, "मग बघतेस काय? जा, झोप पाण्यावर!"

ती गेली. कमरेएवढ्या पाण्यात मागे रेलली, कान पाण्यात गेले, डोळे मिटले. आणि तिचे पाय हळूहळू वर आले. कोणी धरलेलं नव्हतं.

शुक्रवारी फुरिओ भिंतीच्या टोकावर दोन्हीकडे पाय सोडून बसला. "इकडे बघू नकोस, मेल्या, समुद्राकडे बघ!" ओंदिनाने दम भरला. पलीकडे पुरुष गोळा झाले होते, इकडे झाडून सगळ्या बायका. हनादी निघाली. चेहरा पाण्यात घालायची, श्वासाला काढायची, हात वेडेवाकडे, पण जात होती. बोयेपाशी एकदा दिसेनाशी झाली. मी लिव्हिओच्या नावाने किंचाळले, का ते मलाही माहीत नाही. मग काळी टोपी वर आली आणि तिने बोयेला थाप मारली. परत फिरली, भिंतीच्या पुढ्यात आली आणि पाठीवर झाली.

ती पडून राहिली. आम्ही सगळे उभे. फुरिओने वेळ चांगलाच लांबवला, एका क्षणाचीही सूट दिली नाही. मग शिट्टी वाजली.

इकडे बायका ओरडल्या, पलीकडे पुरुष ओरडले, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या. पास! पण हनादी हलेना. फुरिओने पुन्हा शिट्टी वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. ती तशीच, हात पसरलेले, डोळे मिटलेले. टाळ्या थांबल्या.

"नीवेस!" ओंदिना ओरडली. पण मी तोवर पाण्यात उडी घेतलीही होती. कशी पोहले मला आठवत नाही. जवळ पोचले, तिचा खांदा हलवला. "हनादी! ए पोरी!"

तिने डोळे उघडले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते समुद्राचं नव्हतं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"ऐका, मावशी."

"काय ऐकू? शिट्टी वाजली, पास झालीस, जीव घेतलास माझा!"

"असं नाही. कान पाण्यात घाला."

आदल्याच शनिवारी ओंदिनाने माझे केस बसवले होते. मी मागे रेलले. पाणी गार होतं, आधी मानेला लागलं, मग डोक्याला, मग कानांत शिरलं. सगळा किनारा गप्प झाला. आणि खालून आवाज आला. तळाचे गोटे हलत होते. प्रत्येक लाटेबरोबर लाखो गोटे एकमेकांवर टकटक करत पुढे जायचे, टकटक करत मागे यायचे. इथपासून तिथपर्यंत, सगळा समुद्र बोलत होता. माझ्या जन्माच्या आधीपासून बोलत असणार. आणि मी लहानपणापासून रोज त्याच्यावरून पोहत गेले होते, मान वर करून, गॅसच्या गप्पा मारत.

हनादीने पाण्याखालून माझा हात धरला. वर आभाळ होतं. फुरिओ तेव्हाही शिट्टी वाजवत होता म्हणे, आणि लिव्हिओ दोघी गेल्या समजून कपड्यांसकट पाण्यात उतरला होता. आम्हाला काही ऐकू आलं नाही.