ब्लीचिंगनं धुतलेल्या बाटल्या

साहेब, हिरेकेरीची नऊ माणसं तुम्ही मारलीत. तुमचं नाव लिहीत नाही. लिहायला भीत नाही, पण नाव लिहिलं की तुम्ही नावावरच भांडत बसाल आणि मूळ गोष्ट राहून जाईल.

मी यमनूरप्पा. जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या प्रयोगशाळेत मदतनीस. शाळा सातवीत सुटली, पुढचं वाचायला शिकलो ते औषधांच्या खोक्यांवरून. चूक माझ्यापासून सुरू झाली, तेव्हा आधी माझीच सांगतो.

डॉ. शरणव्वा हडपद आमच्या जिल्ह्याच्या आरोग्याधिकारी. न्हाव्याच्या घरातली पोर, डॉक्टर झाली. नारूच्या काळात मॅडम नव्या होत्या आणि मी त्यांच्या जीपमागे पहार घेऊन धावायचो. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, तेच प्यायचे, आणि वर्षभरानं पायातून हातभर किडा बाहेर यायचा. मॅडम म्हणायच्या, "फोड रे पायऱ्या." एकेचाळीस विहिरी फोडल्या. एका गावात दगड आला, मॅडमच्या कपाळाला खोक पडली. पट्टी बांधली आणि ज्यानं दगड मारला त्याच्याच ओट्यावर बसून चहा प्यायल्या. पुढं कुष्ठरोग, पोलिओ, असं करत सव्वीस वर्षांत जिल्ह्याच्या खुर्चीपर्यंत आल्या. दोनदा बेंगळुरूच्या मोठ्या पदाची चिठ्ठी आली. गेल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथं कागद आजारी पडतात, यमनूर. माणसं इथं पडतात."

जत्रेच्या आदल्या आठवड्यात हिरेकेरीच्या तळ्याकाठच्या वस्तीत तिघांना तांदळाच्या धुवणासारखे जुलाब लागले. मॅडमनी अहवालात कॉलरा लिहिलं. तासाभरात जिल्हाधिकारी कार्यालयातून तुमचा फोन. तुमचा आवाज तर फोनबाहेर सांडायचा, मी चहाचा ट्रे धरून उभा होतो.

"अहो मॅडम, जत्रेला मंत्री येतायत. कॉलरा कशाला? जुलाब लिहा."

"जुलाब लिहिलं की तळ्याचं पाणी निवळतं का, साहेब?"

"पाणी तपासल्याचा कागद आणा. मग घालतो तळ्यावर बंदी."

मॅडम तशाच हिरेकेरीला गेल्या. तिथल्या देवीची आंबील तळ्याच्या कच्च्या पाण्यानं थंड करतात आणि जत्रेला येणारा प्रत्येक जण ओंजळभर पितो. पुजारीण दुरगव्वा, नव्वदीची. मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"अव्वा, यंदा पाणी उकळून घाल."

"उकळलेलं, देवीला? उद्या म्हणशील सुई टोचून घे."

"टोचली असती, पण ती दंड पुढं करत नाही ना."

म्हातारी तोंडावर पदर धरून हसली. मग हळूच म्हणाली, "शरणी, सरकारी कागद आण. पाणी वाईट असं लिहिलेला. लोक माझ्यावर धावून आले तर तो दाखवीन."

म्हणजे तुम्हाला हवा तोच कागद तिलाही हवा होता.

नमुन्याच्या तयार बाटल्या संपल्या होत्या. कपाटात चार रिकाम्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "उकळून आण." मी उकळल्या. मग मनात आलं, नुसतं उकळून काय होतंय? सव्वीस वर्षं मॅडमनी एकच शिकवलं होतं: हात, बादली, फरशी, विहीर, सगळ्याला ब्लीचिंग. मी चारही बाटल्या ब्लीचिंगच्या पाण्यानं तीनदा खळबळल्या आणि साध्या पाण्यानं न विसळताच बुचं घातली. वर स्वतःवर खूश झालो. त्यातल्या दोन तळ्याच्या पाण्यानं भरून तपासणीला गेल्या.

सोमवारी सकाळी कागद आला, त्याची एक प्रत तुमच्याकडं. पाणी निर्दोष, जंतू नाहीत. जत्रा बुधवारी.

मॅडम खुर्चीतून उठल्या, बसल्या, परत उठल्या. "म्हशी डुंबतात त्या तळ्यात जंतू नाहीत? उरलेल्यातली एक बाटली दे इकडं." बूच काढून वास घेतला.

"काय घातलंस यात?"

"ब्लीचिंग, मॅडम. तीनदा."

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"जंतू बाटलीतच मेले रे," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं तुला."

लगेच हातानं कागद लिहिला: बाटल्यांत ब्लीचिंग राहिलं होतं, नमुना बाद, नवा अहवाल येईपर्यंत तळ्यावर बंदी घाला, चूक माझ्या कार्यालयाची. माझं नाव घातलं नाही. तो फॅक्स मी माझ्या हातानं पाठवला. अकरा वाजून दहा मिनिटं. मग सहा फोन केले. तुमचा कारकून म्हणे, साहेब मंडप बघायला गेलेत. आणि एक वाजता तुमचाच हुकूम आला: जत्रा संपेपर्यंत आरोग्याधिकाऱ्यांनी मुख्यालय सोडू नये. मंडपात उभं राहून एवढं कसं सुचलं तुम्हाला?

मॅडम हुकूम मोडून गेल्या. बुधवारी तळ्यावर उभ्या राहून घसा फाटेस्तोवर ओरडल्या. गावचा पुढारी तुमचा निर्दोषचा कागद हवेत हलवत म्हणाला, "बाई, तुमच्याच खात्याचा शिक्का आहे ना यावर?" दुरगव्वानं मॅडमच्या रिकाम्या हाताकडं बघितलं, मान खाली घातली आणि आंबिलीत कच्चं पाणी ओतलं. पहिली ओंजळ तीच प्यायली.

गुरुवारपासून शाळेच्या व्हरांड्यात माणसाला माणूस लागून झोपलेला. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या. मॅडम तीन दिवस बसल्या नाहीत. तीनशेवर माणसं वाचली. नऊ गेली. त्यात दुरगव्वा.

मग चौकशी. मॅडम निलंबित, निवृत्तीला चार महिने असताना. आरोप दोन: हुकूम मोडला, आणि वेळेवर इशारा दिला नाही. फॅक्स आलाच नाही म्हणे. बाटल्या मी धुतल्या हा माझा जबाब मी तीनदा दिला. तिन्ही वेळा कारकुनानं लिहून घेतला, सही घेतली. चौकशीच्या कागदांत एकही नाही.

परवा मॅडमच्या घरी गेलो. ओट्यावर कुणाच्या तरी पोराचा ताप बघत होत्या. मी म्हटलं, "झोप लागत नाही, मॅडम." तर म्हणाल्या, "झोप रे. तुझी चूक बाटलीएवढी होती."

माझी बाटलीएवढी. मग उरलेली कुणाची?

फॅक्सनंतर यंत्रातून चिटोरं निघतं, ते वहीला टाचून ठेवायचं, हेही मॅडमनीच शिकवलेलं. ते माझ्यासमोर आहे. तुमच्या कार्यालयाचा नंबर, सोमवार, अकरा दहा, एक पान, पोचलं. साहेब, ते पान कुणी उचललं? कुणी वाचलं? आणि वाचून एक वाजेपर्यंत काय केलं? मॅडमला नको, मला नको, हिरेकेरीच्या नऊ घरांना लेखी सांगा. नाव घालून सांगा.