सातव्या कलमातला माणूस

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकता ऐकता वकिलाच्या दाराकडेही फिरकेनासे होतो. आमच्या विगवालीचं तेच झालं.

आजारपणात केस गेलेल्यांसाठी ती विग बनवायची. घरात जागा पुरेना, तेव्हा पक्की नोकरी सोडून तिनं बाजारात गाळा घेतला. भाडं इतकं कमी, की नवरा म्हणाला, "नीट चौकशी कर गं, काहीतरी गोम असणार."

तिला फी वाचवायची होती. आधीचा भाडेकरू फोटोग्राफर. त्याचा जुना करार मागून आणला, नावं तेवढी बदलली आणि मालकासमोर सही ठोकून मोकळी झाली. फोटोग्राफरनं कागद आनंदानं दिला होता. फक्त निघताना म्हणाला, "वहिनी, सकाळी लवकर जात जाऊ नका."

विग लाकडी डोक्यांवर चढवलेले असत. कुलूप लावताना ती डोकी रस्त्याकडे बघत असायची. सकाळी येऊन पाहावं, तर सगळी आतल्या खुर्चीकडे वळलेली. केस विंचरलेले, नीट भांग पाडलेले. कुलूप शाबूत. तिनं खुर्चीवर हात ठेवला, तर गादी उबदार!

शेजारचा फुलवाला खालच्या आवाजात म्हणाला, "इथं कुणी टिकत नाही, ताई. तुमच्या आधी तिघं गेले."

"बंद कर तो गाळा," नवऱ्यानं हात जोडले. "जिवापेक्षा धंदा मोठा नाही."

पण साठवलेलं सगळं तिनं त्या गाळ्यात ओतलं होतं. आता हेही गेलं, तर पुन्हा नोकरीसाठी कुणाकुणाच्या दारात उभं राहायचं? काय असेल ते एकदा डोळ्यांनी बघायचं, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गाळ्यात शिरली आणि पडद्यामागं उभी राहिली.

किल्ली फिरली. एक हडकुळा म्हातारा आत आला. चपला काढून त्यानं खिशातला कंगवा घेतला, एकेक डोकं आपल्याकडे वळवलं आणि विंचरता विंचरता प्रत्येकाला विचारू लागला, "झोप लागली का?" मग थांबून ऐकायचा, मान डोलवायचा.

ती पडद्यामागून पुढे आली. "कोण तुम्ही?"

तो दचकलासुद्धा नाही. "मालकाचा थोरला भाऊ. इथं माझं सलून होतं. सातवं कलम वाचलं नाहीत? रोज सकाळी मला इथं बसायचा हक्क आहे. सही तुमचीच आहे, बाई."

तिनं मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "ते कलम अगदी पहिल्या भाडेकरूसाठी, त्याला विचारून घातलं होतं. त्याच्यानंतरचे तिघंही तोच कागद घेऊन आले, मग तुम्हीही. मला वाटलं, तुमची हरकत नसेल."

म्हणजे तिघं भुताला भिऊन पळाले, आणि त्या भुताला परवानगी त्यांनीच लिहून दिली होती!

ती तडक मोफत कायदा सल्ला केंद्रात गेली. वकीलबाईंनी कागद वाचला. "आधी का नाही आलात?"

"शहाण्यानं कोर्टाची पायरी..."

"अहो, ती चढावी लागू नये म्हणून तर करार आधी दाखवायचा असतो. नमुना वापरा, बिघडत नाही. पण दुसऱ्याचा चष्मा लावून आपल्याला दिसतं का? तुम्हाला काय हवं, काय नको, ते साध्या भाषेत लिहून आणा, मी तपासून देते. आणि बाहेरच्या वकिलाकडंही फी आधी विचारून घेता येते. नुसता कागद वाचायला कुणी घरदार विकायला लावत नाही."

"त्या म्हाताऱ्याला आधी बाहेर काढा."

"काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा. यावेळी लिहू ते तुमच्या मनातलं असेल."

नवा करार तयार झाला, त्यात सातवं कलम नव्हतं. मालकानं तो मान्य केला. म्हाताऱ्यानं किल्ली टेबलावर ठेवली. "मग सकाळी मी कुठं जाऊ?"

तिला गलबलून आलं. "दुकान उघडल्यावर या. माझ्यासमोर बसा, विंचरून द्या." तेही तिनं कागदात घालून घेतलं, त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मगच सही केली.

मंडळी, धंदा लहान असला तरी करार आपला स्वतःचा करावा. कळत नसेल तिथं जाणत्याला विचारावं, त्यात कमीपणा नाही. आणि माया दाखवायची, तीसुद्धा समजून उमजून दाखवावी.

म्हातारा अजून येतो, अजून त्या लाकडी डोक्यांशी बोलतो. फक्त आधी दाराबाहेर उभा राहून विचारतो, "येऊ का?" आणि ती "या" म्हणेपर्यंत पाऊल आत टाकत नाही.