काळ्या काठाचा कागद

केझाया ट्रिगियरच्या डोळ्यांत सकाळपासून वाळू गेल्यासारखं खुपत होतं. ट्रुरो शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, बारीक लिहिणं थांबवा, नाहीतर नजर जाईल." तिनं ते नवऱ्याच्या कानावर घातलंही होतं. नवरा म्हणाला होता, "त्या लोथरचा एकदा निकाल लागू दे. मग लेखणीला हातसुद्धा लावू नकोस."

लोथरचा निकाल काही लागत नव्हता. अँब्रोज ट्रिगियर म्हणजे गोगलगायींचे मोठे जाणकार. त्यांचं म्हणणं, कड्यावरची गोगलगाय आणि कुंपणातली गोगलगाय या दोन वेगळ्या जाती. तिकडे उत्तरेत केंडलला राहणारे सेप्टिमस लोथर म्हणत, जात एकच. एकेकाळचे जिवलग मित्र, पण वर्षानुवर्षं टपालातून एकमेकांची उणीदुणी काढत होते. त्यात अँब्रोजचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. त्यांचे लेख छापणाऱ्या छापखान्यानं केव्हाच हात टेकले होते. म्हणून प्रत्येक पत्र केझायानं सुवाच्य उतरवायचं, वर घरात ठेवायला आणखी एक नक्कल करायची. भांडायचं त्या दोघांनी आणि मान मोडायची हिची. लग्नात पाद्रीबुवांनी यातलं काही वाचून दाखवलं नव्हतं.

मार्चमध्ये लोथरांचं एक पत्र वाचून अँब्रोज भडकलेच.

"त्याचे अभ्यासाला आणलेले शंख परत पाठव. सगळे! आणि सोबत एक अक्षर लिहायचं नाही."

"अहो, निदान आभार तरी?"

"तुला मानायचे तर मान. मी नाही मानणार."

तिनं शंख कापसात गुंडाळून पेटीत भरले. घरातला पांढरा कागद पत्रापत्रीतच संपला होता. तिची आत्या वारली तेव्हा सुतकासाठी आणलेला काळ्या काठाचा कागद तेवढा उरला होता. चांगला कागद वाया का घालवायचा, म्हणून त्याच्याच चिठोऱ्यावर तिनं लिहिलं, 'साभार परत. के. ट्रिगियर.' दमलेल्या माणसाला त्यापुढचं सुचत नाही.

आठवडाभरानं न्याहारीच्या वेळी केंडलहून पत्र आलं. या वेळी ते तिच्या नावानं होतं. तिनं दोन ओळी वाचल्या आणि समोर हेरिंग मासा खाणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही गेलात."

"कुठं?"

"वारलात. लोथरसाहेबांनी माझं सांत्वन केलंय."

चूक तरी कुणाची म्हणायची? या मंडळींत कुणी जाणकार गेला की त्यानं उसने आणलेले नमुने परत पाठवणं हे विधवेचं पहिलं काम. तशात चिठ्ठीवर नवऱ्याऐवजी बायकोची सही आणि कागदाला काळा काठ. लोथरांनी व्हायचा तोच समज करून घेतला होता.

ती मोठ्यानं वाचू लागली. "बाईसाहेब, पेटी उघडली, काळा काठ पाहिला आणि काय ते समजलो. अँब्रोजचं बरोबर होतं. जाती दोनच आहेत. मला हे फार पूर्वीच कळलं होतं. पण कबूल केलं असतं तर त्याची पत्रं थांबली असती, आणि मला दुसरं लिहितं कोण? तुमचं अक्षर मोठं नि वाकडं होत चाललेलं मी पाहत होतो. तुमची नजर जातेय हे ओळखूनही मी पुढचं पत्र पाठवतच राहिलो. त्याची क्षमा मागायला मला तोंड नाही. आता तरी डोळ्यांना विसावा द्या."

अँब्रोजनी टेबलावर मूठ आपटली.

"दोन जाती! बघ, कबूल केलं लेकानं!"

"पुढचं ऐकलंत ना?"

"ऐकलं, ऐकलं. आधी पांढरा कागद मागव. याच्या नकला लंडनच्या सगळ्या जाणकारांकडे गेल्या पाहिजेत. आणि त्याला लिही, मी धडधाकट आहे, इतकी वर्षं का लपवलंस त्याचा जाब दे."

"तुम्ही म्हणाला होतात, निकाल लागला की..."

"अगं, आता तर कुठे खरी सुरुवात आहे!"

तिला रागसुद्धा आला नाही. रागवायलाही अंगात बळ लागतं. केंडलच्या माणसाला शाईत जे दिसलं, ते रोज समोर बसून जेवणाऱ्याला दिसलं नाही, याचं तिला रडू येत होतं. पण रडलं की डोळे आणखी चुरचुरत. तिनं पत्राची घडी घालून खिशात टाकली.

"हे पत्र मला आलंय. याची नक्कल होणार नाही."

"केझाया!"

"आणि तुम्ही जिवंत आहात हे तुम्हीच कळवा त्यांना. आपल्या हातानं."

तिनं दौत माशाच्या काट्यांशेजारी ठेवली आणि जिना चढून वर गेली. पडदे ओढून, ओलं फडकं डोळ्यांवर ठेवून पडली. खालून लेखणीची तावातावानं खरखर ऐकू येत होती. मग खरखर थांबली. जिन्यावर पावलं वाजली आणि दार किलकिलं झालं.

"अगं, ही ओळ मी काय लिहिलीय? माझं अक्षर मलाच लागत नाहीये. जरा बघतेस? एकच ओळ आहे."

"नाही," ती म्हणाली. फडकं तिनं काढलं नाही.