हंसाबाईचे पंधरा दिवस

"बबनराव, ते विष थैलीतच राहू द्या," म्हणत हंसाबाई बांधावर आडवी उभी राहिली.

"अन् उंदरायचं काय करू? आरती ओवाळू? गहू पोटऱ्यात आला, बुडातून कापून राह्यले."

"मले पंधरा दिवस द्या. नाहीच जमलं, तर माह्या हातानं ठेवीन विष."

बबनराव हसले. घाटंजीच्या दुकानातून आणलेल्या विषाच्या वड्या त्यांनी गाडीच्या डिकीत टाकल्या. पंधरा दिवसांनी हीच बाई हात जोडेल, याची त्यांना खात्री होती.

हंसाबाईचं तीन एकर त्यांच्या बारा एकराला लागून होतं. मागच्या साली तिला बांधावर एक कापशी पडलेली सापडली होती. कबुतराएवढं ते शिकारी पाखरू; पाठ करडी, पोट पांढरं, डोळे लालभडक. वडी खाल्लेला उंदीर त्यानं खाल्ला असावा. चोचीतून रक्त येत होतं. तिनं पदरात घेतलं, पाणी लावलं, पण तिच्या मांडीवरच ते गेलं.

तांड्यावरून तिनं उंदीर धरायचे बांबूचे चाप करून आणले. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवायची, सकाळी जी उकरलेली दिसतील त्यांच्या तोंडाशी तेलात घोळलेला भाकरीचा तुकडा लावून चाप मांडायचा. नवरा, धरमसिंग, कुरकुरत का होईना, बांधावरचं गवत खरडत होता. शिकारी पाखरांना बसायला पिकाच्या वर डोकावतील असे आडव्या काठीचे थांबे तिनं दोन्ही शेतांत रोवले.

पहिल्याच खेपेला चापांत एकवीस उंदीर होते. आठव्या दिवशी मात्र बिळं पुन्हा तितकीच.

"सोड आता," धरमसिंग म्हणाला. "शेजारून येऊन राह्यले. किती जणायले पुरशीन?"

ती उठली आणि थेट शेजारच्या शीलाच्या हरभऱ्यात गेली. "शीला, उंदराले बांध कळत नाही. तू बी लाग माह्यासंगं."

शीला लागली. तिच्या शब्दावर बौद्धवाड्यातल्या चार बाया आल्या, तांड्यावरच्या सहा. आठवडाभर सगळ्या शिवारातली बिळं एकदमच बुजवली, चाप एकदमच मांडले.

तेराव्या दिवशी एक कापशी थांब्यावर येऊन बसली. मग हवेत एका जागी पंख फडफडत थांबली आणि दगडासारखी गव्हात पडली. वर आली तेव्हा पंजात उंदीर होता. बाया काम सोडून बघत राहिल्या.

पंधराव्या सकाळी बबनराव स्वतः बांधाबांधानं फिरले. दीडशेच्या वर बुजवलेल्या बिळांतली नऊच उकरलेली होती. त्यांनी पुन्हा एक फेरी मारली. नऊच.

"जमलं बाप्पा तुले," ते म्हणाले. वड्या त्यांनी त्याच दिवशी दुकानात परत दिल्या.

फाल्गुनात बबनरावांच्या गव्हात हार्वेस्टर आलं. कोपऱ्यातल्या बाभळीपाशी ड्रायव्हरनं मशीन थांबवलं. "साहेब, ही फांदी तोडा लागते. मशीन अडकून राह्यली."

फांदीवर कापशीचं काटक्यांचं घरटं होतं, त्यात तीन पिल्लं.

"फांदीले हात लावू नको," बबनराव म्हणाले. "तेवढा कोपरा आमी हातानं कापू."

त्यांनी चपला काढल्या, बाह्या सारल्या आणि विळे घेऊन आलेल्या बायांच्या रांगेत, हंसाबाईच्या बाजूला वाकले. कित्येक वर्षांनी हातात विळा आलेला. अर्धा गहू वरूनच तुटत होता.

"मूठ खाली घ्या," हंसाबाई म्हणाली.

बबनरावांनी मूठ खाली घेतली.