चालू खातं

ताराक्काच्या घरात कोणी हळू बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. वर राहतं घर आणि खाली लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना. आठ लूम एकदम सुरू झाले की भिंतीवरचे देवसुद्धा हलायचे. भांडण ओरडून, लाड ओरडून, चहात साखर कमी आहे हेही ओरडूनच. वैभव तान्हा होता तेव्हा तिनं त्याला कधी अंगाई म्हटली नाही. खालचं खटाक-खट हीच त्याची अंगाई. सुट्टीच्या दिवशी खातं बंद असलं की पोर पाळण्यात नुसतं किंचाळायचं.

आठातला पहिला लूम तिच्या नवऱ्यानं, सखारामनं, पारोळ्याहून सुरतेला आल्यावर जुना घेतलेला. त्याला ती 'थोरला' म्हणायची. "मला दोन पोरं," लिंबायतच्या वस्तीभर सांगायची, "थोरला खाली राबतो, धाकटा वर बसून खातो." धाकटा म्हणजे वैभव. तो हसायचा. त्याची बायको योगिता हसायची नाही. तिचं माहेर कामरेजच्या पुढं, शेतात. या घरात आली तशी तिची डोकेदुखी सुरू झाली. ताराक्का म्हणायची, "डोकं असलं की दुखायचंच. मला बघ, कधी दुखलं?"

सखाराम गेला तेव्हा भाऊबंद म्हणाले, विक आणि गावी चल. ताराक्कानं पदर खोचला आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी खातं चालू केलं. गल्लीत लोक बोलले. बोलू देत. आवाज चालू तर चूल चालू, एवढं तिला कळत होतं, आणि त्याहून जास्त शाळेत कोणी शिकवलंही नव्हतं. तेव्हापासून तिच्याबरोबर उभा राहिला तो एकटा सुकदेव. जुना कारीगर. सख्ख्या भावांना ती वर्षात एकदा फोन करायची, पण राखी सुकदेवलाच बांधायची.

दिवाळी झाली आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात ती पायांनी नाही, शांततेनं बेजार झाली. नर्सला म्हणाली, "एवढं सामसूम कशाला ठेवता गं? मेल्यासारखं वाटतं माणसाला."

घरी आणलं तेव्हा रिक्षा दाराशी थांबली आणि आतून खटाक-खट ऐकू आलं. तिचे डोळे भरले. "राबतोय माझा थोरला!" शटर मात्र खाली ओढलेलं.

"धूळ उडते, माय," वैभव ओरडला. "तुझ्या टाक्यांना लागायची!"

"बरं बाबा. आता तरी अक्कल आली."

खुर्चीत बसवून त्यानं आणि सुकदेवनं तिला वर नेलं. जिना उतरायचा नाही, डॉक्टरांनी बजावलेलं. खाटेवर पडून ती दिवसभर खातं ऐकायची. संध्याकाळी वैभव पायाशी बसून किती माल उतरला ते सांगायचा. पोरगा सुधारला, असं तिला वाटायला लागलं.

एक गोष्ट तेवढी खटकायची. खातं चालू असलं की जमीन पायाखाली कशी मुंग्यांसारखी थरथरायची. आता पाय टेकवला तर काही नाही. तिनं डॉक्टरला झापलं. "गुडघ्यात लोखंड घातलंत आणि पायाची जाणच काढून घेतलीत!" डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. वैभव खाली मान घालून बसला होता.

सुकदेवही बदललेला. पूर्वी वरून काठी आपटून हात दुखायचे तेव्हा कुठं तो हाकेला यायचा. आता एकदा आपटली की जिन्यात हजर. "म्हातारपणी कान उघडले का रे तुझे?" ती खूश होऊन विचारायची. तो बिचारा दाढी खाजवायचा. आणि योगिताची डोकेदुखी? स्वयंपाक करताना ती गाणं गुणगुणत होती. ताराक्काला वाटलं, आपण खाटेला खिळलो याचाच बाईला आनंद झालेला दिसतो.

मग एका दुपारी लाईट गेली.

डोक्यावरचा पंखा कुरकुरत थांबला. शेजारचा टीव्ही गप्प झाला. समोरचं खातं बंद पडलं, त्याच्या पलीकडचं पडलं, आणि बघता बघता सगळी गल्ली मुकी झाली. फक्त ताराक्काचं खातं चालू. खटाक-खट, खटाक-खट.

पहिल्यांदा तिला अभिमान वाटला. जनरेटर घेतला वाटतं पोरानं, आणि सांगितलंसुद्धा नाही! पण जनरेटर म्हटलं की त्याची धडधड हवी, डिझेलचा वास हवा. वास येत होता तो योगितानं दिलेल्या फोडणीचा. ताराक्कानं खाटेशेजारच्या तांब्याकडं बघितलं. आठ लूम चालू असताना या घरात तांब्यातलं पाणी कधी स्थिर राहिलं नव्हतं. आज ते आरशासारखं होतं.

गुडघ्यात लोखंड असलं तरी पायाची जाण तिचीच होती. जमीनच थरथरत नव्हती.

योगिता स्वयंपाकघरात होती. ताराक्का एकेका पायरीवर बसत, सरकत, जिना उतरली. आतल्या दारानं खात्यात गेली.

खातं कसलं! नुसती रिकामी जमीन. लूम होते तिथं तेलाचे काळे डाग आणि उपटलेल्या बोल्टांची भोकं. कोपऱ्यात साड्यांचे खोके थप्पीनं लावलेले, वर कुरियरच्या पट्ट्या. आणि मधोमध भजनीमंडळाकडं असतो तसला बॅटरीवरचा उंच काळा स्पीकर. त्यावर लाल-निळे दिवे नाचत होते आणि आतून तिचे आठ लूम चालत होते. स्टुलावर बसून सुकदेव सुरती पापडी सोलत होता.

तिला बघून ताट त्याच्या मांडीवरून पडलं. शेंगा जमिनीभर झाल्या.

"थोरला कुठं आहे?"

"अक्का, मन्हं आयक..."

"कुठं आहे?"

"भंगारात गेला. सगळे गेले. तू दवाखान्यात होतीस तेव्हा." तो आवाजावर ओरडतच होता. "वैभव म्हणाला, लूममध्ये आता काही राहिलं नाही, ऑनलाइन साड्या विकतो. म्हणाला, मायला हळूहळू सांगू. लूम जायच्या आदल्या दिवशी त्यानं मोबाईलमध्ये आवाज भरून घेतला. मला म्हणाला, तू फक्त सकाळी लावायचा आणि संध्याकाळी बंद करायचा."

"आणि तू लावलास."

सुकदेव वाकून शेंगा गोळा करायला लागला.

"मनगटावर माझा धागा अजून आहे की रे. तोही भंगारात द्यायचास."

त्यानं बटणाकडं हात नेला. "थांब," ती म्हणाली. "चालू ठेव. माझ्या पोरानं एवढी मेहनत घेतलीय, वाया कशाला घालवायची? संध्याकाळी मी वरून काठी आपटेन, तेव्हा बंद कर. आणि त्याआधी त्याच्याजवळ तोंड उघडलंस, तर पुढच्या राखीला दुसरी बहीण शोध."

वर कशी चढली ते तिलाच ठाऊक. योगितानं सासूच्या पदराला लागलेलं तेल बघितलं आणि तिच्या हातातली पळी थांबली. ताराक्का म्हणाली, "गुणगुण गं. थांबलीस का?"

लाईट आली. गल्लीतली खाती चालू झाली, आणि दिवेलागणीला कारीगर चहाला गेले तशी पुन्हा थांबली. वैभव आला. रोजच्यासारखा पायाशी बसला, रोजच्यासारखा ओरडला.

"माय! आज चांगला माल उतरला!"

"सुकदेव थकला असेल!"

"नाही गं! अजून ऐकत नाही म्हातारा!"

"आणि थोरला? थोरला कसा चालतो?"

वैभवनं डोळे मिटून मान डोलावली. बापासारखीच डोलवायचा तो. "एकदम मस्त! तेलपाणी केलं, माय! आता सगळ्यात गोड आवाज त्याचाच!"

तिला वाटलं होतं, निदान या प्रश्नाला तरी तो अडखळेल. तो अडखळला असता तर कदाचित तिनं काठी बाजूला ठेवली असती.

"मला बघायचाय रे त्याला!"

"बघ ना! जरा बरी हो, मग तू स्वतः..."

ताराक्कानं काठी आपटली.

"...खाली येऊन बघ!"

खालचा आवाज तुटला आणि वैभवची आरोळी एकटीच घरभर घुमली. समोरच्या खिडकीतून कोणीतरी डोकं बाहेर काढलं. खोलीच्या दारात योगिता भिंत धरून उभी राहिली.

"आले बघून," ताराक्का म्हणाली. इतक्या हळू आवाजात त्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं.

वैभव ताडकन उठला. मग तो बोलायला लागला. "माय, तुला धक्का बसला असता! तुझ्याच जिवासाठी केलं! डॉक्टरसुद्धा म्हणाले होते, आवाज नसेल तर ही बाई..." सवयीनं तो ओरडतच होता, गळ्याच्या शिरा ताणून.

"तान्हेपणी तू रडायचास तेव्हा मी खरं खातं चालू करायचे रे," ती म्हणाली. "तू माझ्यापुढं खुळखुळा वाजवलास."

"माय, माझं ऐक तरी!"

"ऐकते की. हळू बोल, वैभव. खाली आता काही चालू नाही."