शेळगावची तीन नावं

बारामतीच्या एका दूध संघात मी कॉम्प्युटरवर बसायचे. चौऱ्याण्णव साली एवढ्यावरून लोक मला बाईसाहेब म्हणायचे, आणि मलाही ते पटलं होतं.

दर सोमवारी माझा प्रोग्राम प्रत्येक गावच्या सभासदांतून तीन नावं उचलायचा. भेसळ तपासायला संघाचा ड्रायव्हर त्यांच्या दुधाचा नमुना आणायचा. "कॉम्प्युटरला ना भाऊबंद, ना वशिला," असं आमचे साहेब मानसिंगराव गावोगाव सांगून आले होते. मी प्रिंटरमधून यादी फाडून ड्रायव्हरला द्यायचे. नावं वाचायची तसदी कधी घेतली नाही.

पाचव्या सोमवारनंतर शेळगावची भागूबाई दोन एसट्या बदलून दारात उभी राहिली.

"ताई, पाची येळा माजंच नाव. दूध चोख निघतंय, तरी बाया म्हनत्यात, मशीन उगं कुनाचं नाव घेत न्हाय. आज संघाची कमिटी मला सभासदांतनं काढनार हाय. दोन म्हशींवर घर हाय वो माजं."

मी जुन्या याद्या काढल्या. पाचही सारख्या, अक्षरन् अक्षर. नावं पत्त्यांसारखी पिसायला सांगणारी एक ओळ मी लिहायलाच विसरले होते; ती नसली की कॉम्प्युटर दर वेळी तीच पानं वाटतो. गावागावांत मी तीन-तीन चोर तयार करून ठेवले होते.

बोलले तर नोकरी जाणार, हे स्वच्छ दिसत होतं. तरी जीव मुठीत धरून कमिटीपुढं सगळं सांगितलं.

मानसिंगराव लालबुंद झाले. "मग आत्ता आमच्यासमोर काढून दाखवा!"

मी ती ओळ घातली. भागूबाई माझी खुर्ची धरून उभी होती. प्रिंटर करकरू लागला. पहिलं गाव वडगाव निंबाळकर, तिन्ही नावं नवी. सुपे, नवी. मी श्वास सोडला.

शेळगाव. चौदा सभासदांतून निघालेलं पहिलंच नाव भागूबाईचं.

"असं होऊ शकतं," मी म्हणाले. "चौदांतून तीन काढायची म्हटल्यावर कधीतरी..." माझा आवाज मलाच खोटा वाटला. मानसिंगराव कागदाची घडी घालत होते.

भागूबाईनं माझा हात धरला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माज्या दुधात खरंच काय हाय का वो?"